अकरा नंबरचा हॉर्न

दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
आम्ही शिपाई होतो.
तोवर मी टपाल वाटतो,
इद्वल लोकांचे नळ दुरुस्त करतो,
सेरिस दातांच्या दवाखान्यात
दिवसभर परक्यांची तोंडं उघडी धरते
आणि रात्री क्लॅरिनेट ओठांत धरून
स्वतःचं मिटते.

ड्रिल हॉलचं छत पत्र्याचं.
या वेल्सच्या डोंगरात
ढोलवाल्याला फुकटची साथ असते.
पगाराच्या कागदावर लिहिलंय: अर्धवेळ.
त्यात बुटांचं पॉलिश येतं, बसचं भाडं सुटतं.
लाल कोट सरकारचा.
माझ्याआधी तो ज्याचा होता
त्याची छाती माझ्याहून रुंद.

वाद्यांची वही माझ्याकडे असते.
पहिल्या पानावर
स्लेटच्या खाणीतल्या माणसांनी
वर्गणी काढून आणलेली चौदा वाद्यं.
कारण कुणी कर्नल म्हणाला असणार,
स्वयंसेवकांची पलटण मुक्यानं चालली
तर पोरं भरती कशी होणार?
मग वाजतगाजत गेले ते, गावोगाव, जत्रेत,
आणि मागोमाग पोरं आली.
हे वहीत नाही. हे मी म्हणतो.

वहीत नुसते रकाने.
वाद्य. क्रमांक. नाव. घेतलं. परत केलं.

चौदा सालचा ऑगस्ट.
एका दिवसात सगळी वाद्यं परत.
खाली त्याच शाईत, त्याच तिरक्या अक्षरात:
स्ट्रेचर, नग सात.
दोघांत एक.
कॉर्नेटसोबत ट्रॉम्बोन,
युफोनियमसोबत थाळ्या वाजवणारा.
पावलाला पाऊल जुळवायची सवय होती,
म्हणून निवडले असतील.
जखमी माणूस हिंदकळता कामा नये.

पितळेत भरायचा तो सगळा दम
तिकडे चिखल उपसण्यात गेला.
कुणाच्या जखमेवर
फुंकर घालण्यापुरता तरी
उरला असेल का?

अकरा नंबर, टेनर हॉर्न, टेगिड बीनन.
परत केलं: पाच ऑगस्ट.
पुढची सही एकोणीस सालची, दुसऱ्याच कुणाची.
वाद्यं चौदाच्या चौदा जमा आहेत.
माणसांसाठी वहीत रकाना नाही.

हॉर्नच्या तोंडाशी अंगठ्याएवढा पोचा आहे.
इद्वल म्हणतो, पाच मिनिटांचं काम, काढून देतो.
दर वर्षी म्हणतो.
दर वर्षी मी विषय बदलतो.

नोव्हेंबरात स्मारकापाशी
माउथपीस खिशात, मुठीत धरून ठेवतो,
नाहीतर थंडीनं ओठाला चिकटतं.
दोन मिनिटं कुणी काही वाजवायचं नाही.
आम्हाला सगळ्यात अवघड तेच जातं.
सेरिस मनात ताल मोजते,
तिच्या बुटाचं टोक हलताना मला दिसतं.

गेल्या मंगळवारी नवी पोर आली, लुनेड,
सतरा वर्षांची, बेकरीत काम करते,
बाहीला पीठ.
कॉर्नेट नंबर सातवर सही केली
आणि लगेच फुंकायला निघाली.
थांब, मी म्हणालो,
आधी पाणी काढून टाक.
मागच्याचं थोडं आत राहिलेलं असतं.