आधी भरायचं बूच

रविवारी नळाला पाणी, पाचव्या दिवशी.
त्याच्या आत गिअरबॉक्सचं तेल उरकायचं म्हणून
पहाटेच गाडी बोळात काढली.
पलीकडं यल्लप्पाच्या शेडात दोन माग खडखडत होते,
बाकीच्यांना कुलूप.

गाडी जुनी, ऑटोमॅटिक.
माझ्या डाव्या गुडघ्यापायी घेतलेली.
डॉक्टर म्हणाले, क्लच आता विसरा.
मी विसरलो. पाय विसरला नाही.
अजून सिग्नल आला की खाली काही नसताना
चटईच दाबतो.

नायनांचे दोन्ही पाय खड्ड्यात असायचे,
मागाच्या पावड्यांवर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.
त्या मागाची सागवानी लाकडं कापून
मी चार ठोकळे केलेत.
चारही चाकं त्यांवर.
हलतंय का, धक्का देऊन बघितलं. नाही हललं.
मग पुठ्ठा अंथरला
आणि पाठीवर सरकत आत गेलो.

खालचं बूच सापडलं, पाना लावला,
तेवढ्यात स्रवंतीचे पाय दिसले, चपलेसकट.
पप्पा, आधी भरायचं बूच उघडा.
का गं?
खालून सगळं सोडलं आणि वरचं उघडलंच नाही तर?
गाडी काय बोळातच पूजायची?

वरचं खरंच उघडेना.
मैनोद्दीनकडून लांब पाइप आणला,
पान्याच्या दांड्यावर चढवला.
तो म्हणाला, गॅरेजला आणा की, दहा मिनिटांचं काम.
त्याची दहा मिनिटं संध्याकाळपर्यंत चालतात.
कट्‌कन आवाज आला. मला वाटलं, गुडघा.
बूच होतं.

मग खालचं.
शेंगतेलाच्या रिकाम्या डब्यात पडत राहिलं,
काकवीसारखं काळपट, जरा जळक्या वासाचं.
बोटांत चोळून बघितलं, कीस नाही.
बुचाच्या चुंबकावर मात्र राखाडी साय,
नव्वद हजार किलोमीटरची.
पुसली. नवा वायसर घातला.

स्रवंतीनं पाण्याच्या बाटल्यांत मोजलं:
तीन लिटर, वर दोन बोटं.
तेवढंच परत घालायचं.
निम्म्याच्या वर तर निघतच नाही, ती म्हणाली,
आत कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं.
पुढच्या महिन्यात परत, मग अजून एकदा.
तरी जुनं थोडं राहतंच.
राहू दे, मी म्हटलं.

नवं तेल लाल.
रंगारखान्यातून ओल्या लडी खांद्यावर आणताना
नायनांच्या सदऱ्याला लागायचा, तो लाल.
आई तेलुगूत चिडायची,
शेजारीण मराठीत हसायची.

पुस्तक म्हणतं,
तेल चाळीस अंशांवर आलं की मगच पातळी बघा.
सोलापूर, वैशाख, सकाळचे साडेनऊ.
पुस्तक लिहिणारा इकडं कधी आला नसावा.
तरी इंजिन चालू केलं, पोरीला बाजूला उभं केलं,
ब्रेक दाबून गिअर फिरवला,
मागं, मधे, पुढं, प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद.
ती लांबून मोजत होती, पाढे म्हटल्यासारखं.
पातळीच्या छोट्या बुचातून बारीक धार आली,
मग थेंब, मग थेंबांत अंतर.
आवळलं.

तेवढ्यात पाणी आलं.
राजमणी आतून ओरडली, नळी लावा!
माझे हात कोपरापर्यंत तेलकट.
नळी यल्लप्पानं लावली, आणि वर सल्ला दिला,
जुनं तेल गटारीत सोड की बे, कोण बघतंय.
मी बघतोय, म्हटलं.

दुपारी होटगी रस्त्यापर्यंत जाऊन आलो.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जो झटका बसायचा
तो बसला नाही.
किंवा बसला असेल, हलका.

डबा जिन्याखाली आहे,
एमआयडीसीतला जुनं तेल नेणारा येईपर्यंत.
बाहेरून अजून शेंगतेलाचाच,
म्हणून स्रवंतीनं खडूनं लिहिलंय: खायचं नाही.
आईला मराठी वाचता येत नाही,
खाली राजमणीनं तेलुगूत लिहिलं,
आणि खात्रीला
एक मोठी फुली.