उलटी बोटं

राजारामपुरी, आठवी गल्ली, जिन्याखालचं दुकान.
सुकुमार चौगुले काउंटरवर सहा हेडफोन मांडतो,
बाजारात वांगी मांडावीत तसे, देठ एका बाजूला:
हे बंद कपाचे, हे उघड्या पाठीचे,
ह्याला सेव्हन पॉइंट वन, ह्याला दिवे.

आबा कडेला उभे. शिफ्ट सुटल्यावर थेट आलेले,
नखांत शिरोलीची काळी वाळू.
दिव्यांकडं बोट करून विचारतात,
"कानात घातल्यावर दिसत्यात व्हय ह्ये?"
सुकुमार हसतो. मीपण.
मग लक्षात येतं, प्रश्न बरोबर आहे
आणि सोळाशे रुपये तेवढ्याचेच आहेत.

मी आठवडाभर वाचून आलेली.
बंद कपात बास घुमतो, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.
उघड्यातून पावलं सुटी सुटी येतात,
पण त्यांच्यामागून गल्लीपण येते,
मेसवाल्याचा झारा, रिव्हर्स घेणारा टेम्पो, आईची हाक.
माईक वेगळा हवा, दांडीवरचा,
म्हणजे जळगावची पोरं आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणार नाहीत.
गेल्या महिन्यात एकानं मोजल्या.
"ताई, डाळ शिजली," म्हणाला,
आणि त्याच फेरीत मी मेले.

सुकुमार डेमो लावतो.
अंधारं कोठार. मागून कुणीतरी चालत येतं.
डावीकडं. आधी फरशी, मग पत्रा, मग थांबला.
"तुम्ही पण बघा की, काका."
आबा टोपी काढून काउंटरवर ठेवतात,
दोन्ही हातांनी कप बसवतात,
डोळे मिटतात.
"कोण न्हाई हितं."
"डावीकडं, काका."
"न्हाई ओ. कोण न्हाई."
सुकुमार वायर हलवतो, जॅक शर्टाला पुसतो, पुन्हा लावतो.
मी पडद्याकडं बघते.
तो माणूस आबांच्या डाव्या खांद्याशी उभा आहे.

तेवीस वर्षं नॉकआउटला.
मशीन डाव्या हाताला.
जेवताना ते कायम भिंतीकडं डावा कान करून बसतात,
मला वाटायचं, टीव्ही दिसावा म्हणून.

हेडफोन काढून हातावर तोलतात,
कास्टिंग तोलावं तसा.
"हलका हाय. ह्योच घे."

उघड्या पाठीचा घेतला, बिनदिव्याचा. आणि दांडीचा माईक.
वरचे चाळीस सुकुमारनं सोडले.

मंगळवार पेठ, रात्रीचे साडेदहा.
जॅक घातला तर कानात गुणगुण,
जाड, एकसुरी, एकाच जागी बसलेली माशी.
पुढचं भोक, मागचं भोक, तीच माशी.
सुकुमार फोनवर म्हणतो, बाहेरचं साउंड कार्ड लागंल, दीड हजार.
आबा ताटावरून उठतात.
हात धुतात, पुसतात, नीट कोरडे करतात,
कॅबिनेटपाशी उकिडवे बसतात.
कान लावत नाहीत.
बोटं उलटी करून पत्र्यावरून फिरवतात,
ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.

"मुंग्या येत्यात. अर्थिंग न्हाई हिला."

मेन बंद. मोबाइलची बॅटरी मी धरते.
सॉकेट उघडल्यावर दिसतं,
हिरवी वायर आत नुसती गुंडाळून ठेवलेली,
कुणा वायरमननं घाईत, मी जन्मायच्या आधी.
तिचं टोक सोलतात, पिळतात,
स्क्रूखाली धरून आवळतात,
वर अर्धा आटा जास्त.

मशीन सुरू. हेडफोन माझ्या कानावर.
माशी नाही.
इतकं मोकळं की माझाच श्वास माईकमधून परत येतो.

आबा माझ्या तोंडाकडं बघतायत.
"गेला का आवाज?"

मी हेडफोन काढते, उठते,
त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसते,
मग सांगते.