पुढचा चिमटा

बासष्ट पायऱ्या, सहा वळणं,
आणि प्रत्येक वळणावर कठड्याला एक ठोका.
इशबेल घरी आली, हे मला त्या ठोक्यांवरून कळायचं.
बॅटरी काढून पिशवीत घातली
तरी सायकल एकोणीस किलो.

रविवारी तिनं पुढचा चिमटा उतरवला,
स्प्रिंगचा, तेलकट, आडमुठा.
मासे तोलायच्या काट्याला टांगला: अडीच किलो.
नवा कार्बनचा,
काटा जेमतेम हलला.
टायरही बदलले, पातळ कुशीचे.
"माझं वजन काही उतरत नाही," हात पुसत म्हणाली,
"कुठून तरी काढायलाच हवं."

सोमवारी लीथच्या घडीव दगडांवर
दात वाजले, दिव्याचा स्क्रू गळला.
इतकी वर्षं स्प्रिंग मुकाट गिळत होती ते
आता थेट मनगटात:
गटाराचं झाकण, ट्रामचा रूळ,
रात्रीत गोठलेली चिखलाची रेघ.

संध्याकाळी ठोका आला नाही.
मी दार उघडून पाहिलं.
चौथ्या वळणावर ती बसलेली,
सायकल एका हातात, अलगद,
दुसरा हात झटकत.
"लागलं?"
"छे. उद्या हवा जरा कमी भरते."

आणि उठून वर गेली,
जिन्याला न शिवता.