दहावा

मनामात, बाजारामागच्या गल्लीत, जुलै.
एसी बंद ठेवावा लागतो,
त्याची घरघर सुरांखाली गाळासारखी बसते.
नईमाखाला ओढणीच्या टोकानं मान पुसते
आणि माझ्या यंत्राकडे बघते, आगंतुकाकडे बघावं तसं.

माझ्या वहीत रकाने:
मकाम कोणता, कुठल्या सणाला, कोणाकडून शिकलात.
लिही, आईकडून, ती म्हणते. सगळं आईकडूनच.
आणि शब्बाथचं गाणं सुरू करते,
एक्क्याऐंशी वर्षांचा आवाज
वरच्या सुरावर जाताना जिन्यात थांबून दम घेतो.

तिसऱ्या ओळीत 'ओलाम' येतं.
ती म्हणते, ओळाम.

मी हेडफोन कानांवर दाबते.
परत म्हणा, खाला.
ओळाम. स्वच्छ, जीभ मागे वळवून,
बाळ म्हणावं, जवळ म्हणावं, तसं.
हिब्रूत हे अक्षर नाही.
अरबीत नाही.

हे कोणाकडून?
ती हसते. हे आईकडून नाही.

दहा पुरुष भरले नाहीत तर प्रार्थना अडायची,
आणि भरायचे नऊ. नेहमी नऊच.
मग रिफायनरीच्या गाडीतून एक हिंदी कारकून यायचा,
हनोख. आडनाव तिला येत नाही,
शेवटी 'कर' होतं एवढंच.
कोटाला तेलाचा वास, खिशात चण्यांची पुडी.

शनवार तेली, मी मनात म्हणते.
घाणा सुटून किती पिढ्या झाल्या,
आणि नोकरी लागली ती तेलातच,
जिथली भट्टी शनवारी विझत नव्हती.

तो मागे उभा राहायचा, मोजण्यापुरता.
पण गायचा सगळ्यांहून मोठ्यानं,
पडद्याआडच्या नऊ वर्षांच्या मुलीला
तेवढंच नीट ऐकू यायचं.

एका शुक्रवारी तो आला नाही.
बदली, की ताप, की बोटीनं घरी, कोणी विचारलं नाही.
नऊ जण दाराकडे बघत बसले बराच वेळ.
पुढे तेही गेले, एकेक करून, विमानतळाकडे.

चुकीचं आहे का? ती विचारते.
नीट करून म्हणू?

माझे मार्गदर्शक समासात लिहितील: टंकदोष?
'कोणाकडून'च्या रकान्यात तिच्या आईचं नाव आहे.
त्याच्या शेजारी पेन टेकवून
मी नुसती बसते. शाई पसरत जाते.

राहू द्या, खाला. एसी लावू?

थांब, ती म्हणते.
अजून एक कडवं आहे.
त्यात तो दोनदा येतो.