यजमान वृक्ष

उद्यान खात्याच्या तुळसकरने गोणी रिकामी केली टेबलावर:
"घ्या तुमची बांडगुळं. हे भांडुपच्या आंब्यावरचं,
ते करंजावरचं. कापताना कोयता चिकटतो हो."
दोन्हींची पानं सारखीच, जाड, चामडी.
फुलांच्या शेंदरी नळ्या
माटुंग्यापर्यंत येता येता मिटलेल्या.

मी पानं वाळवते, दळते,
अल्कोहोलात उकळून अर्क काढते.
काचपट्टीवर ठिपके चढत जातात;
जांभळ्या दिव्याखाली क्वेर्सेटिन पिवळं पेटतं.
आंब्यावरच्यात एक ठिपका जास्त.
करंजावरच्यात तो नाहीच.
ज्याच्या अंगावर राहतं, त्याच्या रसातलं काहीबाही
हे आपल्या पानात साठवतं.

मामा विक्रोळीला आला होता आठ दिवसांसाठी.
एकवीस वर्षं झाली.
बाबा जेवताना तो शब्द टाकायचे,
आमटी वाढावी तसा:
बांडगूळ.
मामा ताट पुढे सरकवायचा.

मग बाबा अंथरुणाला खिळले.
त्यांची कूस बदलणं, भांडं देणं,
रात्रभर पाठ चोळत बसणं,
सगळं मामाकडे गेलं, कुणी न सांगता.

जुन्या ग्रंथांत याला वंदाक म्हटलंय.
जखमेवर, दम्यावर द्यायचे म्हणे.
मी वहीत लिहिते: अजून सिद्ध नाही.
शेजारी रकाना असतो, यजमान वृक्षाचा.
तो मात्र रिकामा ठेवून चालत नाही.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.
परवा मध्यरात्री मामा खोकला,
आणि आई झोपेतच म्हणाली,
"अहो, पाणी देऊ?"