जर्मनचं पातेलं

मकरपुऱ्याच्या आमच्या लॅबमध्ये
सोमवारी पोती येतात, तोंडं सुतळीनं शिवलेली.
जुमाभाई ट्रकवरून उतरतो तेव्हा
त्याच्या भुवयासुद्धा विटकरी असतात.
"मांडवीचा माल," तो म्हणतो,
आणि मला दर वेळी आपली मांडवी दिसते,
चार दरवाज्यांच्या मधोमध, रिक्षांनी वेढलेली.
ती नव्हे. कच्छातली.
तिथे खुरट्या गवताखाली हातभर माती,
मातीखाली हा दगड, अंगभर वाटाणे असलेला.
सुरुंग दुपारी लावतात,
बकऱ्या लांब हाकलून.

मी तो कुटते, चाळते, भट्टीत ठेवते,
वजन किती घटलं ते वहीत लिहिते.
सिलिका पाच टक्क्यांवर गेली
की हसमुखभाई पेन आपटतात:
वाळू आयता सोडा खाते.

शाळेची मुलं येतात, त्यांना पुढचं सांगते.
दगडाचं पीठ कढत कॉस्टिकमध्ये,
झाकण घट्ट, कुकरसारखं, पण कितीतरी दांडगं.
हवं ते विरघळतं. नको ते लाल, तळाला.
मग वरच्या निवळीत
मागच्या खेपेचे थोडे कण टाकायचे.
विरजण, मी म्हणते. मुलींना लगेच कळतं.
दही रात्रीतून लागतं, याला दीड-दोन दिवस.
पांढरं, रव्यासारखं,
भाजलं की चिमटीतून पाण्यासारखं निसटतं.
"साखर?" एक पोरगा विचारतो.
बोट तोंडात घालू नकोस.

इथपर्यंत माझं काम. इथून पुढे दादांचं.

दिनकर पागे, कोरबा, पॉटलाइन, सत्तावीस वर्षं.
आता दांडिया बाजार, दुसरा मजला, गुडघ्याला पट्टा.
त्या भट्ट्यांना तिथे पॉट म्हणत, म्हणून आई सांगायची:
आमचे हे पातेली सांभाळतात.
विजेचा लोंढा असा
की खिशातल्या किल्ल्या आपसूक उभ्या राहत.
घड्याळ बंद पडायचं.
एचएमटी गेटवरच्या खणात ठेवून आत जायचं;
आतल्या आठ तासांना काटे नव्हते.
साडेनऊशे अंशांवर वितळलेल्या क्षारात
ती पांढरी पूड पडायची,
वीज तिच्यातला प्राणवायू ओढून काढायची,
कोळशाचे ठोकळे त्यापायी झिजायचे,
आणि धातू मुकाट्यानं खाली जाऊन बसायचा.

कधी पॉट उपाशी राहायचा.
मग वरचा दिवा भडकायचा, व्होल्टेज उसळायचं,
आणि दादा ओला बांबू,
हिरवा, त्याच सकाळी तोडलेला,
आत खुपसायचे.
कोट्यवधींची यंत्रं. उपाय बांबू.
हे सांगताना त्यांचा उजवा खांदा
अजून पुढे येतो.

दहावीत मी विचारलं होतं,
लाल चिखलाचं काय होतं?
"तळं आहे," ते म्हणाले.
तळ्यात काय उगवतं?
त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.
आता मुलांसमोर मी "तळाला" म्हणते
आणि पुढची बरणी उचलते.

आईनं त्या धातूला कधी ॲल्युमिनियम म्हटलं नाही.
जर्मन. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा.
दादा रागवायचे: अगं, जर्मनीचा काय संबंध,
हे मी बनवतो!
ती म्हणायची, बरं, मग तुम्हीच घासा.

काल तिच्या दुधाच्या पातेल्याला
तळाशी टाचणीएवढं भोक सापडलं.
खाली भंगारवाला ओरडत होता, पस्ती, भंगार.
मी म्हटलं, देऊन टाकू, हे पुन्हा वितळतं,
दगडातून काढायला लागते
त्याच्या विसाव्या हिश्श्याची वीजही लागत नाही.
"मला शिकवतेस?" दादा म्हणाले.
उठले. पातेलं उजेडाकडे धरलं,
भोकातून पलीकडची गॅलरी पाहिली.
पुन्हा खाली ठेवलं.

मग, जिना उतरण्याआधी,
मनगटावरचं घड्याळ सोडलं,
टेबलावर ठेवलं,
आणि दोन्ही हातांनी ते उचललं.