प्रवासाचा वेळ वगळून

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, जातीचा दाखला, आधार,
मेल्याचे दाखले, हयातीचेही.
बावीस वर्षं झाली, मी कागद वाचत नाही.
वाचला की रांग थांबते.

पण परवा गहाण्यांची चेतना आली.
नागपूरला कायद्याचं शिकते.
प्रबंधाची चाळीस पानं, तीन-तीन प्रती.
मध्येच लाइन गेली.
सतरावं पान काचेवर पालथं पडलेलं.
उचललं, आणि वाचलं.

तक्ता होता. एकाखाली एक देश,
वर एकच प्रश्न:
पकडलेल्या माणसाला किती वेळात
न्यायाधीशापुढं उभं करायचं?

जर्मनी: दुसरा दिवस संपायच्या आत.
दक्षिण आफ्रिका: अठ्ठेचाळीस तास,
मध्ये कोर्टाला सुट्टी आली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी.
स्पेन: फार तर बहात्तर.
जपान: तास लिहिलेले नाहीत,
पण कारण सांगितल्याशिवाय, वकील मिळू दिल्याशिवाय
कोंडायचं नाही.
भारत: चोवीस.

तक्त्यात सगळ्यांत लहान आकडा आपला.
उगाच छाती फुगली,
जसं ते कलम मीच लिहून दिलं होतं.
मग खालची बारीक ओळ दिसली:
प्रवासाचा वेळ वगळून.

"बाई, प्रवास म्हणजे किती?"
"तेच तं शोधून रायली मी, काका."

चिचटोल्याहून इथवर एकोणीस किलोमीटर.
ठाण्याच्या जीपनं पाऊण तास.
चुलबंदला पूर असला, वरून फेरा पडला, तरी दोन.
बंडीनं धरा, पायी धरा,
रांगत आणला असं धरा.
निकेश उईकेला शुक्रवारी नेलं, गुरं परतायच्या वेळी,
बोडीवरच्या मोटारीची केबल गेली म्हणून.
कोर्टात उभा केला सोमवारी साडेअकराला.

तो कागदही माझ्याच मशीनमधून निघाला होता.
तेव्हा वाचला नव्हता. आता आठवून वाचला.
अटक: रविवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
म्हणजे साडेसतरा तासही नाहीत.
कलम बावीस जसंच्या तसं पाळलेलं.
जर्मनीनं येऊन पाहावं.

शुक्रवारची रात्र, अख्खा शनिवार,
रविवार दिवे लागेपर्यंत
तो पकडलेला नव्हता,
आणि घरीही नव्हता.
असा देश चेतनाच्या तक्त्यात नाही.

मशीन काय, काचेवर ठेवाल ते उमटवतं.
मीही तेच करत आलो.

लाइन आली. चेतना पानं लावत बसली
तेव्हा निकेशची आई पायरीशी उभी होती.
कनवटीतून तिनं प्लॅस्टिकची पुडी काढली,
पुडीतून एस.टी.चं तिकीट.
अर्धं तिकीट, बायांचं. शनिवार,
सकाळी नऊ चाळीस.
"डबा घेऊन गेली होती जी मी ठाण्यात.
भाजी परत आली, पोरगा नाही आला."

वकील म्हणाले होते, यानं एवढंच ठरतं
की तुम्ही शनिवारी बसमध्ये बसलात.
तो आत होता, हे नाही ठरत.
खरंच आहे.
चेतना काही बोलली नाही.
पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

त्या तिकिटाचा कागद मला ठाऊक आहे.
उन्हानं, घामानं, नुसत्या खिशातल्या उबेनंही
शाई उडून जाते त्यावरची.
नऊचा नुसता गोल उरला होता,
शनिवारचा श अर्धा गेला होता.

मी काच पुसली. शाई गडद केली.
रांगेतला एक म्हणाला, "भाऊ, कोर्टाची वेळ होऊन रायली."
होऊ दे म्हटलं.
एक प्रत तिच्या हातात दिली,
एक चेतनाच्या सतराव्या पानामागं लावली,
आणि एक गल्ल्यात ठेवली, माझ्यापाशी.
पैसे तिनं काढले होते. दोनाची तीन नाणी.
मी घेतली नाहीत,
तर ती तिथंच काउंटरवर ठेवून
बस गाठायला निघून गेली.